स्टीअरिंगवरचं बटण घरी बदलायचं आहे : आवाज आपोआप वाढतो

घाटवाट | सातारा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, वरचं मॉडेल. स्टीअरिंगवर डावीकडे आवाज, गाणी पुढे-मागे आणि मोड, उजवीकडे फोन उचलायचं-ठेवायचं बटण. आतापर्यंत ९१,००० किलोमीटर झालेत.

गेल्या पावसाळ्यापासून आवाज वाढवायचं बटण त्रास देतंय. आधी ते दोन-दोनदा दाबावं लागायचं. मग जुलैत भलतंच सुरू झालं. बटणाला हात न लावता आवाज वाढत जायचा, पार शेवटपर्यंत. पुण्याहून येताना खंबाटकी चढत होतो, मागच्या सीटवर आई झोपलेली, पुढे उसाचा ट्रक, आणि एकाएकी स्पीकर फाटेल असा आवाज. आई दचकून उठली. माझा हात स्टीअरिंग सोडून स्टिरिओकडे गेला आणि दोनेक सेकंद नजर रस्त्यावर नव्हती. त्या दोन सेकंदांची धास्ती अजून गेलेली नाही. तेव्हापासून स्टिरिओ बंदच ठेवतो. पण फोन त्यातूनच चालतो आणि मला रोज गाडी चालवताना कामाचे फोन येतात, त्यामुळे असं फार दिवस चालणार नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव देत नाही) काही न उघडताच सांगितलं, क्लॉक स्प्रिंग गेली आहे, ती आणि स्विचचा पूर्ण सेट बदलू, साडेनऊ हजार होतील. हॉर्न वाजतोय, एअरबॅगचा दिवा लागत नाही, बाकी बटणं चालतात, मग क्लॉक स्प्रिंग कशावरून, असं विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. गाडी परत घेऊन आलो.

हाताने काम करायची सवय आहे. ब्रेक पॅड, हेडलाइट, दाराचं कुलूप घरीच केलंय. पण स्टीअरिंग उघडायचं म्हटलं की एअरबॅगची भीती वाटते. इथे कुणी केलंय का?

तांब्याची तार | कोल्हापूर | सोमवार, रात्री १०.१५

गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो, एकोणीस वर्षं झाली. आधी एक रुपयाही न खर्चता तपासणी करा.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टीअरिंगच्या चाकामागे प्लास्टिकच्या चपट्या डबीत गुंडाळलेली रिबनसारखी पट्टी. चाक एकीकडे फिरलं की ती सैल होते, दुसरीकडे फिरलं की आवळते. हॉर्न, एअरबॅग आणि बटणं, तिन्हींच्या तारा त्याच पट्टीतून जातात. पट्टी तुटायला लागली की ती एकाच बटणाच्या मागे लागत नाही. हॉर्न मधूनच जातो, एअरबॅगचा दिवा लागतो, किंवा चाक सरळ असताना बटणं चालतात आणि वळवल्यावर बंद पडतात.

म्हणून असं करा. मोकळ्या जागेत गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवा. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि दर पाव फेरीला थांबून प्रत्येक बटण दाबा. हॉर्नसुद्धा. चाकाच्या जागेनुसार फरक पडला तर पट्टी. चाक कुठेही असो, तेच एक बटण नडत असेल तर बटणच. एका बाजूची सगळी बटणं एकदम मेली असतील तर त्या बाजूच्या स्विचचं कपलर (तारा जोडायचं प्लास्टिकचं खटकं) बघायचं. सगळीच बटणं गेली पण हॉर्न आणि एअरबॅग ठीक, तर स्टिरिओच्या मागची वायर बघायची, विशेषतः स्टिरिओ बाहेरून बदललेला असेल तर.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत चांगली क्लॉक स्प्रिंग काढून नवी घातलेली असते आणि दुखणं तिथल्या तिथेच असतं. याचा मला खरोखर राग येतो. पाच मिनिटांची तपासणी आहे ही.

कळसूत्र | डोंबिवली | सोमवार, रात्री ११.०५

आवाज आपोआप का वाढतो, ते सांगतो. यात पावसाळ्याचा हात आहे असं मला वाटतं.

बऱ्याच गाड्यांत, विशेषतः दहा वर्षांपूर्वीच्या, प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. एकच तार असते आणि प्रत्येक बटणाच्या मागे वेगवेगळ्या मूल्याचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग. बटण दाबलं की त्या तारेवरचा व्होल्टेज एका ठरलेल्या आकड्यावर येतो आणि त्या आकड्यावरून स्टिरिओ ओळखतो की हे 'आवाज वाढव' की 'पुढचं गाणं'. सात-आठ बटणांचं काम एका तारेत होतं, क्लॉक स्प्रिंगमध्ये गर्दी होत नाही. कल्पना सुंदर आहे.

पण आत ओल गेली, घाम गेला, चहाचा थेंब गेला की संपर्काच्या दोन पट्ट्यांमध्ये बारीकशी गळती सुरू होते. बटण ना धड उघडं, ना धड दाबलेलं. मधलाच कुठला तरी रेझिस्टन्स तयार होतो आणि तो ज्या बटणाच्या आकड्याजवळ जाईल त्या बटणाचं काम होतं. म्हणून पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. मोड दाबलं आणि गाणं बदललं, हाही प्रकार यातलाच.

नव्या गाड्यांत स्विचच्या पाठीलाच चिप असते आणि ती 'लिन' नावाच्या एकतारी डिजिटल जोडणीवर बोलते. तिथे मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून काही हाती लागत नाही. तुमची २०१५ ची आहे, बहुतेक रेझिस्टरवालीच असेल.

घाटवाट | मंगळवार, संध्याकाळी ७.२०

तार, कळसूत्र, दोघांचे मनापासून आभार. आज मैदानावर जाऊन तपासलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण सव्वातीन फेऱ्या होतात. चाक कुठेही असलं तरी आवाज वाढवायचं बटण अडखळतं, बाकी सगळी बटणं पहिल्या दाबात चालतात. हॉर्न सगळीकडे वाजला. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून पाच-सहा सेकंदांत गेला. म्हणजे क्लॉक स्प्रिंग ठणठणीत आहे.

आता स्विच बदलायचा. एअरबॅगचं कसं करावं, कुणी नीट सांगेल का?

निवृत्त फोरमन | सांगली | मंगळवार, रात्री ८.५०

मी एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं काढली. तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे असाल, म्हणून सविस्तर लिहितो. कृपया एकही ओळ गाळू नका.

आमच्या काळी हॉर्नसाठी स्टीअरिंगच्या दांड्यावर पितळी कडी असायची आणि तिला घासत राहणारा एक संपर्क. घासताना क्षणभर सुटला तर हॉर्न क्षणभर चुकला, एवढंच व्हायचं. एअरबॅगला असं क्षणभर सुटणं परवडत नाही, म्हणून ही संपर्क न सोडणारी गुंडाळलेली पट्टी आली. एवढ्यावरूनच तिचं मोल कळावं.

चाकाच्या मधोमध असलेल्या एअरबॅगच्या पॅडच्या आत छोटा स्फोटक भाग असतो. विजेचा इशारा मिळाला की तो पेटतो, वायू तयार होतो आणि साधारण तीस ते चाळीस मिलिसेकंदांत, पापणी लवायच्याही आत, पिशवी फुगते. अपघातात ती जीव वाचवते. हातात असताना फुगली तर मनगट, चेहरा, डोळे, काहीही जाऊ शकतं.

पहिलं काम : चाकं सरळ ठेवून किल्ली काढा आणि बॅटरीचा मायनस काढा. निघालेली तार कापडात गुंडाळून लांब ठेवा, नाहीतर ती परत टेकते. मग थांबा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये राखीव वीज साठवलेली असते. धडकेत बॅटरीची तार तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते, आणि ती उतरायला वेळ लागतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या वर्कशॉप पुस्तिकांत एक मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत वेळ दिलेला असतो. तुम्ही पंधरा मिनिटं थांबा. त्या वेळात गाडीत बसू नका.

हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. पॅड निघाल्यावर मागे पिवळं कपलर दिसेल. एअरबॅगची कपलरं पिवळी असतात, ओळखायला सोपी. त्यावर छोटी कडी असते. ती बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने आधी उचलायची, मगच कपलर ओढायचं. तारेला धरून ओढू नका. कपलर निघालं की पॅडकडच्या दोन पिना आतल्या पत्र्याने आपोआप एकमेकींना जोडल्या जातात. चुकून वीज येऊ नये म्हणून ती सोय आहे, तिच्याशी खेळू नका.

पॅड नेताना कंपनीचं चिन्ह अंगापासून दूर धरा. टेबलावर ठेवताना चिन्ह वर. त्यावर काही ठेवू नका, उन्हात ठेवू नका. उलटं ठेवलं आणि फुगलं तर अख्खं पॅड छताकडे उडेल.

आणि मल्टिमीटर त्या पिवळ्या कपलरला कधीही, कुठल्याही कारणाने लावायचा नाही. मीटर स्वतः थोडा प्रवाह सोडतो. तेवढाही तिथे नको.

एअरबॅग सुटलेली असताना इग्निशन चालू करू नका. फॉल्ट नोंदवला जातो, दिवा लागून राहतो आणि मग तो काढायला स्कॅनर लागतो.

तांब्याची तार | मंगळवार, रात्री ९.१५

फोरमनकाकांनी लिहिलेलं प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावावं असं आहे. एकच भर घालतो. स्विच बदलायला बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगचं चाक काढावं लागत नाही, फक्त पॅड निघालं की स्विचचे स्क्रू समोर दिसतात. मधला मोठा नट सोडूच नका. चाक काढलं आणि क्लॉक स्प्रिंग नकळत फिरली तर परत बसवल्यावर पहिल्याच पूर्ण वळणावर पट्टी तुटते. चांगली वस्तू अशीच जाते.

पॅड दोन पद्धतींनी बसवलेलं असतं. काही गाड्यांत चाकाच्या मागून दोन टॉर्क्स बोल्ट (डोक्यावर चांदणीसारखी खाच असलेले), बहुतेक टी-३० मापाचे. काहींत तारेच्या स्प्रिंगच्या क्लिपा, ज्या चाकाच्या बाजूच्या किंवा मागच्या भोकातून दाबून सोडायच्या. तुमच्या मॉडेलचं आधी बघून घ्या.

रानजाई | पुणे | बुधवार, सकाळी ११.३०

मी गेल्या वर्षी माझ्या गाडीचा स्विच बदलला. माझ्या बटणांवरची चिन्हं पुसली गेली होती. २०२० मध्ये सारखं सॅनिटायझर लावून लगेच स्टीअरिंग धरायचे ना, त्याने वरचा रंग आधी चिकट झाला आणि मग निघायला लागला. आत्ताही माझ्या दोन मैत्रिणींच्या गाड्यांत तसंच दिसतं.

माझ्या हातून एक चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून लिहिते. मी गाडीचं नाव आणि साल सांगून स्विच मागवला. आला तो क्रूझ कंट्रोलवाल्या मॉडेलचा. दिसायला सारखा, स्क्रूची भोकं सारखी, पण कपलरच्या पिना वेगळ्या. परत करण्यात बारा दिवस गेले. त्यामुळे जुना स्विच काढून त्याच्या पाठीवरचा पार्ट नंबर वाचा आणि अक्षरन् अक्षर जुळवूनच घ्या. डावा आणि उजवा वेगळे असतात. काही गाड्यांत दोन्ही बाजू एका तारेने जोडलेल्या एकाच सेटमध्ये येतात.

पुण्यात येणं होत असेल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुना स्विच हातात घेऊन जा. मला तिथेच बरोबरचा मिळाला. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातही, बुधवारी आणि रविवारी, निघालेले स्विच दिसतात. पण त्याच बाजारात पूर्ण एअरबॅग पॅडही विकायला असतात, ते कुणीही घेऊ नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते कुठल्या गाडीतून आले, भिजले की आपटले, काही कळायला मार्ग नसतो.

नेकारतीर | स्टुटगार्ट | बुधवार, दुपारी २.४५

वाचून बरं वाटलं, पण इथली गोष्ट सांगतो. जर्मनीत एअरबॅग हा स्फोटकांच्या कायद्यात येतो. तो काढायला-बसवायला त्या कामाचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. घरी कुणी काढलं तर ते नियमबाह्य आहे. माझ्या गाडीचं बटण गेलं तेव्हा मी वर्कशॉपमध्येच दिलं. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा धागा वाचून थेट हात घालू नये, म्हणून लिहिलं.

रानजाई | बुधवार, दुपारी ४.१०

हे माहीत नव्हतं. वाचून थोडं थबकायला झालं. ज्या कामाला तिकडे दाखला लागतो ते आपण व्हिडिओ बघून करतो. काका, तुम्हाला काय वाटतं? करावं का?

निवृत्त फोरमन | बुधवार, संध्याकाळी ६.००

तुमचा प्रश्न योग्य आहे. मी रात्रभर विचार केला की आपण लिहायलाच नको होतं का. पण माझ्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये मी रोज पाहतो, बॅटरी न काढता, इग्निशन चालू ठेवून पोरं पॅड उपटतात. त्यांना कुणी शिकवलेलं नाही. घाटवाट थांबून विचारतायत, वेळ काढतायत. अशा माणसाने क्रम पाळून केलं तर ते त्या पोरांपेक्षा सुरक्षित होईल, असं माझं मत आहे. मात्र मनात जराही शंका असेल, क्लिप निघत नसेल, कपलर अडलं असेल, तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. अर्धवट उघडलेलं पॅड पुन्हा बसवून परत फिरण्यात कमीपणा नाही.

मांडवीकाठ | पणजी | बुधवार, रात्री ९.३०

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. पॅडला हात लावण्याआधी गाडीवर एअरबॅगचा रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे कंपनीने ती परत बोलावली आहे का, ते तपासा. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये (पिशवी फुगवणाऱ्या भागात) अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिल्यावर ते बिघडतं आणि पेटल्यावर धातूचं कवच फुटून तुकडे चालकाच्या अंगावर येतात. अमेरिकेत त्यामुळे जवळपास ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत मागवल्या गेल्या, तो तिथला वाहनांचा सर्वांत मोठा रिकॉल. ती कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. भारतातही त्या इन्फ्लेटरच्या गाड्या परत बोलावल्या होत्या.

गोवा, कोकण, मुंबई, आपली हवा नेमकी तशीच. जुनी गाडी असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून बघा, किंवा शोरूमला फोन करा. रिकॉल असेल तर ते इन्फ्लेटर फुकट बदलून देतात. तशा गाडीचं पॅड घरी उघडायचं नाही.

घाटवाट | बुधवार, रात्री १०.२०

मांडवीकाठ, आत्ताच बघितलं. माझ्या गाडीवर काही नाही. पण हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. फार आभारी आहे.

पहाटवारा | नागपूर | गुरुवार, सकाळी ८.००

नवशिक्याचा प्रश्न. माझी २०१३ ची गाडी आहे, सगळ्यात खालचं मॉडेल. तिला एअरबॅग आहे की नाही कसं ओळखायचं? मलाही स्टीअरिंगवर बटणं बसवायची आहेत.

तांब्याची तार | गुरुवार, सकाळी ९.२५

पहाटवारा, चालकाची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या खालच्या मॉडेलांना बहुतेक वेळा नसायची. पॅडवर 'एसआरएस' किंवा 'एअरबॅग' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, ती बघा. इग्निशन लावल्यावर मीटरमध्ये फुग्यासमोर बसलेल्या माणसाचं चिन्ह क्षणभर लागतं का, तेही बघा. दोन्ही नसेल तर तुमचं पॅड म्हणजे नुसतं हॉर्नचं झाकण.

पण बटणं नव्याने बसवणं हे बदलण्यापेक्षा मोठं काम आहे. तुमच्या मॉडेलच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये त्या बटणांच्या तारा असतीलच असं नाही. कधी पट्टीच नसते, जुन्या पद्धतीचा हॉर्नचा संपर्क असतो. आधी खालचं कव्हर काढून किती तारा येतात ते मोजा, मग खर्च करा. रिमवर पट्ट्याने बांधायची वायरलेस बटणं मिळतात, ती एअरबॅग असलेल्या गाडीत पॅडवर किंवा पॅडच्या आड येतील अशी लावू नका.

घाटवाट | रविवार, रात्री ८.३०

झालं! सगळं लिहितो, कारण मध्ये एकदा चुकलो.

मंगळवारीच स्विच मागवायच्या मोहात होतो, पण रानजाईंचं वाचून थांबलो. गुरुवारी संध्याकाळी गाडी एकदा उघडली, पार्ट नंबरचा फोटो काढला आणि परत बंद केली. शुक्रवारी कामाने पुण्याला जायचंच होतं, नाना पेठेत तिसऱ्या दुकानात नेमका नंबर मिळाला. १,८५० रुपये, कंपनीच्या पाकिटातला.

आज सकाळी साडेनऊला सुरुवात. रेडिओची स्टेशनं आणि घड्याळ पुन्हा लावावं लागणार हे माहीत होतं. स्टिरिओला कोड लागतो का ते आधी पुस्तिकेत बघून ठेवलं. १० च्या पान्याने बॅटरीचा मायनस सोडला, तार जुन्या बनियनमध्ये गुंडाळली. पंधरा मिनिटं बाहेर ओट्यावर बसून राहिलो. आई विचारत होती, अरे काम करणार होतास ना. तिला सांगितलं, हे थांबणं हेच काम आहे.

माझ्या गाडीत पॅड स्प्रिंगच्या क्लिपांचं. भोकं चाकाच्या डाव्या-उजव्या बाजूला मागून आहेत, चाक सरळ असताना दिसत नाहीत. बॅटरी सुटलेलीच होती, त्यामुळे किल्ली फिरवून फक्त स्टीअरिंगचं लॉक सोडवलं आणि चाक पाव फेरी वळवलं. भोकातून पातळ स्क्रू ड्रायव्हर आत सरळ दाबला, थोडा वर उचलला, आणि पॅडची ती बाजू 'टक्' करून पुढे आली. दुसऱ्या बाजूला वीस मिनिटं गेली. मी कोन चुकवत होतो, जोर लावत होतो. शेवटी मोबाइलचा टॉर्च भोकात धरून तार कुठे आहे ते बघितलं तेव्हा पहिल्याच दाबात सुटली. जोर लागत असेल तर जागा चुकली आहे, हे मला आज हाताला कळलं.

पिवळं कपलर काकांनी सांगितलं तसंच. कडी उचलली, सरळ ओढलं. हॉर्नची वेगळी एक तार होती, ती काढली. पॅड देवघराच्या खोलीत रिकाम्या टेबलावर, चिन्ह वर. खोलीला कडी लावली, भाचा घरात होता.

स्विचला दोन स्क्रू आणि चंदेरी पट्टीला तीन क्लिपा. जुनं निघालं, नवं बसलं, दहा मिनिटं लागली असतील. सगळ्यात सोपं काम तेच निघालं.

पॅड परत लावलं, दोन्ही बाजूंनी 'टक्' ऐकलं, ओढून पाहिलं, घट्ट. बॅटरी जोडली. गाडीत न बसता दारातून हात घालून किल्ली फिरवली. एअरबॅगचा दिवा लागला, सहा सेकंदांत गेला. आवाजाचं बटण लोण्यासारखं चालू. आणि हॉर्न बंद.

क्षणभर हातपाय गार झाले. वाटलं क्लॉक स्प्रिंगला काही केलं. पण एअरबॅगचा दिवा गेला होता, म्हणजे पट्टी शाबूत. शांत बसून विचार केला आणि आठवलं, हॉर्नची तार बसवताना ती दाबून पाहिली नव्हती. पुन्हा किल्ली काढून मायनस, पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा दोन्ही क्लिपा. ती तार अर्धीच बसली होती. दाबल्यावर आवाज आला. सगळं परत जोडलं आणि पावणेएकला हॉर्न वाजवला तेव्हा शेजारचे काका बाहेर आले.

काचा एका दाबात वर जायची सोय बंद झाली होती, बॅटरी काढल्यामुळे. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे काच पूर्ण वर नेऊन बटण धरून ठेवलं, ती परत आली.

निवृत्त फोरमन | रविवार, रात्री ८.५५

दुसऱ्या वेळीही पंधरा मिनिटं थांबलात, हे वाचून मला फार आनंद झाला. घाईत माणूस पहिल्यांदा थांबतो आणि दुसऱ्यांदा विसरतो. शाब्बास.

कळसूत्र | रविवार, रात्री ९.१०

अभिनंदन! जुना स्विच टाकू नका. उघडून आत काय आहे ते सांगाल का?

घाटवाट | सोमवार, रात्री १०.००

उघडला. मागे चार क्लिपा. आत छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर रबराची चटई, प्रत्येक बटणाखाली काळा ठिपका, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसाच. आवाज वाढवायच्या बटणाखाली बोर्डवर तपकिरी डाग आणि कडेला पांढुरकी पूड. डाग चहाचाच दिसतो. मल्टिमीटर लावला, म्हणजे फक्त या सुट्या स्विचला. बटण न दाबता तिथे उघडं सर्किट दिसायला हवं होतं, त्याऐवजी आकडा काही हजार ओहमवर सरकत होता. तुम्ही म्हणालात ती गळती हीच.

कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं, डाग गेला. वाळल्यावर मोजलं तर उघडं सर्किट. म्हणजे नवा स्विच न घेताही भागलं असतं!

कळसूत्र | सोमवार, रात्री १०.२५

अगदी हेच वाटलं होतं. काळा ठिपका हा कार्बन मिसळलेला रबर असतो. तो झिजला असेल तर रिमोटसाठीचे सुटे कार्बनचे ठिपके मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, ते चिकटवता येतात. काही स्विचमध्ये रबराऐवजी बोर्डवर सोल्डर केलेली चौकोनी छोटी बटणं असतात, सहा बाय सहा मिलिमीटरची. ती गेली तर २५ वॅटच्या सोल्डरिंगने बदलायची, काही रुपयांची वस्तू.

गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मात्र फटीतून मारू नका. तेल आत बसून धूळ धरतं आणि रबर फुगवतं. बटण काही दिवस बरं चालतं आणि मग अजून बिघडतं. नव्या स्विचचं वाईट वाटून घेऊ नका. घाटात गाडी चालवता, नवा असणं चांगलंच. साफ केलेला जुना जपून ठेवा.

रानजाई | मंगळवार, सकाळी १०.४०

माझ्या भावाने अँड्रॉइड स्टिरिओ बसवला आणि स्टीअरिंगची बटणं बंद पडली. दुकानदार म्हणतो चालणार नाहीत. खरं आहे का?

तांब्याची तार | मंगळवार, दुपारी १.३०

ताई, बहुतेक वेळा चालतात. त्या स्टिरिओच्या मागे 'की-१' आणि 'की-२' लिहिलेल्या दोन वायरी असतात, गाडीच्या बटणांची तार त्यांना जोडायची. मग सेटिंगमध्ये स्टीअरिंग बटणांचा पर्याय उघडून एकेक बटण दाबून ते कशासाठी हे शिकवायचं. कळसूत्रांनी सांगितलेला व्होल्टेजच तो स्टिरिओ लक्षात ठेवतो. शिकवताना इंजिन चालू ठेवा, म्हणजे व्होल्टेज रोजच्यासारखा असतो. बटणं लिनवर असतील तर मात्र मध्ये वेगळा कॅनबॉक्स (गाडीचे डिजिटल इशारे स्टिरिओला समजावणारी डबी) लागतो. त्या वायरी शोधताना पिवळ्या कपलरच्या वाटेला जाऊ नका, मूळ वायरिंग कापू नका.

पहाटवारा | बुधवार, रात्री ९.१५

तारदादा, बघितलं. पॅडवर अक्षरं नाहीत, मीटरमध्ये दिवाही लागत नाही. खालचं कव्हर काढलं तर चाकाकडे एकच तार जाते, हॉर्नची. म्हणजे बटणांचा खर्च वाढणार, समजलं. पण काल वडिलांच्या २०१७ च्या गाडीत बसलो तर त्यांचं फोन उचलायचं बटण तीनदा दाबावं लागतं. चाक फिरवून तपासलं, सगळीकडे तसंच. त्या गाडीला एअरबॅग आहे. मागे दोन टॉर्क्स बोल्ट दिसतात.

घाटवाट | बुधवार, रात्री ९.४०

मग बटणच. आधी चासी नंबर टाकून रिकॉल बघा, आणि काकांची मंगळवारची पोस्ट छापून गाडीत ठेवा, मी तसंच केलं होतं. पॅड काढलंत की हॉर्नच्या तारेचा फोटो काढा आणि बसवताना ती दाबून बघा. कुठल्या दिवशी करणार ते लिहा, मी फोनजवळ असेन.

पहाटवारा | बुधवार, रात्री ९.५५

शनिवारी सकाळी. टी-३० आहे माझ्याकडे. रिकॉल आत्ता बघतो.